शब्दचर्चा : 'इनपुट मेसेज'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : एक्सेलमध्ये सेलवर क्लिक केले की शेजारी छोट्या चौकटीत मजकूर उमटतो. मेनूत त्याचे नाव 'इनपुट मेसेज' आहे. तलाठी कार्यालयातल्या तक्त्यांसाठी मार्गदर्शिका लिहिताना 'निविष्टी संदेश' चालेल का?

उत्तर : नको. महाराष्ट्रात 'निविष्ठा' म्हटले की बी-बियाणे आणि खतेच आठवतात. 'आदान संदेश' पारिभाषिक आहे, पण वाचणारा अडखळेल. शिवाय इथे कोणी कोणाला संदेश पाठवत नाही, नोंद कशी करायची ते आधी सांगितले जाते. 'नोंदसूचना' म्हणा.

उत्तर : 'नोंदसूचना' पटते, पण मार्गदर्शिकेत तीन शब्द वेगळे ठेवा, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. सेल निवडताच दिसते ती सूचना. चुकीचे लिहून एंटर दाबल्यावर येतो तो इशारा ('एरर अलर्ट'). माउस नेल्यावर उघडते आणि कोपऱ्यात लाल त्रिकोण दाखवते ती टीप ('नोट'). सूचनेला असा त्रिकोण नसतो, त्यामुळे सेल निवडेपर्यंत ती आहे हे कळतच नाही.

प्रश्न : आणि हा पर्याय ज्यात येतो ते 'डेटा व्हॅलिडेशन' (सेलमध्ये काय लिहिता येईल याचा नियम)? त्याला वैधता म्हणावे की पडताळणी?

उत्तर : जात पडताळणी समिती वैधता प्रमाणपत्र देते, यातच उत्तर आहे. तपासण्याची क्रिया ती पडताळणी, तिचा निकाल ती वैधता. मेनूतली गोष्ट क्रिया आहे, म्हणून 'नोंद पडताळणी'. फक्त एवढे लिहाच की ही पडताळणी टंकलेल्या मजकुराचीच होते. पेस्ट केलेली चुकीची नोंद इशारा न देता आत जाते.

उत्तर : त्याहून वाईट म्हणजे, दुसरा सेल कॉपी करून त्या सेलवर पेस्ट केला की नियम आणि सूचना दोन्ही पुसले जातात. 'सूचना गायब झाली' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. पेस्ट स्पेशलमधून फक्त 'व्हॅल्यूज' पेस्ट करायला सांगा.

प्रश्न : प्रत्यक्ष कृती कशी लिहावी?

उत्तर : सेल निवडा, डेटा → डेटा व्हॅलिडेशन → इनपुट मेसेज. वरच्या चौकोनात बरोबरची खूण असू द्या. शीर्षक ३२ अक्षरांपर्यंत, मजकूर २५५ पर्यंत. 'सेटिंग्ज'मध्ये 'एनी व्हॅल्यू' ठेवले तरी सूचना दिसते, म्हणजे बंधन न घालताही ती देता येते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हीच सोय डेटा → व्हॅलिडिटी → इनपुट हेल्प इथे आहे.

मराठीत लिहिणाऱ्याने ही मर्यादा जपून मोजावी. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'क्षेत्र' डोळ्यांना दोन अक्षरे, पण मोजणीत सात : क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. 'क्षेत्र (हेक्टर)' एवढ्यातच ३२ पैकी १६ संपतात. आधी एखाद्या सेलमध्ये मजकूर लिहून 'लेन' (LEN) फंक्शनने मोजा.

तुमच्या तक्त्यात सूचनेचे खरे काम क्षेत्राच्या स्तंभात आहे. शेतकरी 'एक एकर' सांगतो, कारकून १ लिहितो. १ हा आकडा नियमात बसतो, म्हणून इशारा येत नाही, आणि एका एकराचे एक हेक्टर होते, जवळपास अडीचपट. ही चूक नियम पकडू शकत नाही, आधी दिलेली सूचनाच टाळू शकते. मजकूर असा : 'क्षेत्र हेक्टरमध्ये लिहा. ४० आर असल्यास ०.४०. एकर लिहू नका.'

उत्तर : 'कृपया योग्य माहिती भरा' असले वाक्य मात्र काढून टाका. योग्य म्हणजे काय, हेच तर सांगायचे असते.

प्रश्न : शेवटचे, सेलला 'रकाना' म्हणू का?

उत्तर : वर्तमानपत्रात रकाना म्हणजे कॉलम, अर्जात रकाना म्हणजे एक जागा. तक्त्यात दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतील. 'सेल' सगळ्यांना कळतो, तोच ठेवा.