कॉलेजातल्या समुपदेशन कक्षाकडून काय मागायचं, काय नाही?

तिसरी तासिका (टोपणनाव; चर्चेचा धागा यांनी सुरू केला)

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता हवाच. त्याहून लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजांनाही यातून सुटका नाही. पण दारावर पाटी लागली म्हणून पोरं आत जात नाहीत, कारण आत काय होतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पहिली भेट साधारण ४५ ते ५० मिनिटांची असते. सुरुवातीची दहा मिनिटं अर्जात जातात: नाव, वर्ग, फोन, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं. अर्ज भरण्याआधीच समुपदेशकानं स्वतःहून सांगायला हवं की काय या खोलीत राहील आणि काय राहणार नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल (पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे), किंवा न्यायालयानं माहिती मागितली, तर गोष्ट बाहेर जाते. अकरावी-बारावी त्याच आवारात असते, त्यामुळे ही वयाची अट आपल्याकडे रोजच्या कामाची आहे. ‘सगळं गुप्तच राहील’ असं सरसकट वचन कोणी देत असेल, तर त्याला आपलं काम पुरतं माहीत नाही.

मग झोप, भूक, कधीपासून, अभ्यास, घर. आणि एक थेट प्रश्न: मरून जावंसं वाटतं का? या प्रश्नाला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न आपल्या शेतीच्या भागात ठरलेला हवा: घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय? मग विद्यार्थ्याला विश्वासात घेऊन घरच्या एका मोठ्या माणसाला बोलवायचं आणि तो डबा त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवायचा. पन्नास मिनिटांच्या गप्पांपेक्षा हे एक काम मोठं आहे.

गोळ्या, हजेरी, गुण, एटीकेटीतून सूट यातलं काही या कक्षातून मिळत नाही. मागायचं ते एवढंच: बंद दार, ठरलेली वेळ आणि गरज पडली तर पुढच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी.

सातबारा

सर, कागदावर पटलं. पण खेड्यातल्या कॉलेजात समुपदेशक म्हणजे जादा कार्यभार दिलेला प्राध्यापक. अंतर्गत गुण ज्याच्या हातात, त्याच्यासमोर कोणतं पोरगं म्हणेल की मला तुमच्या तासाला बसवत नाही? खोली कुठली, तर क्रीडा साहित्याच्या शेजारची. शिपाई दारातून नाव घेऊन हाक मारतो, भेटीची नोंदवही टेबलावर उघडी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की फाइल व्यवस्थित होते, समिती गेली की कुलूप. असा कक्ष नसलेला बरा, कारण एकदा गोष्ट फुटली की ते पोर पुन्हा कोणाकडेच जात नाही.

त्यापेक्षा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक प्रत्येक वर्गात मोठ्या अक्षरात लावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज असेल तर वरच्या तज्ज्ञाकडे देतो. पलीकडच्या माणसाला ना तुमचं गाव माहीत, ना तुमची जात.

पऱ्हाटी

भाऊ, फोनवर बोलायचं कुठून? दोन खोल्यांचं घर, आजी खाटेवर, चांगला फोन एकच, अन् तोही बापाच्या खिशात. पोरगी फोन घेऊन वावरात गेली तं गावभर चर्चा. अन् मेळघाटात रेंज शोधाले टेकडी चढा लागते. तिथं कोरकू बोलणारं लेकरू प्रमाण मराठीत आपलं दुखणं सांगनच कसं?

जादा कार्यभारवाल्या मास्तरले तुम्ही एकदम मोडीत काढता, ते मले पटत नाही. बीएच्या वर्गातली पोरगी पंधरा दिवसांपासून मागच्या बाकावर जाऊन बसते, डबा तसाच परत नेते, हे १४४१६ ले दिसत नाही. मास्तरलेच दिसते.

तिसरी तासिका

पऱ्हाटीताई, दिसतं ते मान्य. पण दिसणं आणि उपचार करणं ही दोन कामं आहेत. शिक्षकानं ओळखायचं, बाजूला घेऊन विचारायचं, कक्षापर्यंत सोबत जायचं आणि तिथं आपलं काम संपलं असं समजायचं. त्याच न्यायालयीन निर्देशांत शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितलंय, ते याचसाठी. जो गुण देतो तो समुपदेशक नको, या मुद्द्यावर सातबारा बरोबर आहेत आणि तिथं मी तडजोड करणार नाही.

फोनच्या अडचणीवर तोडगा आहे. कॉलेजातच एक खोली, आतून कडी, एक खुर्ची आणि एक साधा फोन. अर्ध्या तासासाठी किल्ली मागता आली पाहिजे, कारण न सांगता. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहायचा. नाव-क्रमांकाची यादी वेगळी, कुलपात, एकाच माणसाकडे.

कास्तकाराची लेक

मूळ प्रश्नच राहतोय. पोरांचं अर्धं दुखणं पैशाचं आहे. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलाय, खाणावळीचे तीन महिने थकलेत, घरी सोयाबीन पावसात भिजलं. अशा पोराला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून काय होणार? मला मानसशास्त्रज्ञापेक्षा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेला माणूस जास्त उपयोगाचा वाटतो. तो अर्ज कोणत्या टेबलावर थांबलाय ते बघेल, बँक खात्याला आधार जोडलंय का तपासेल, वसतिगृहाच्या गृहपालाशी बोलेल. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ वर तक्रार करायला सोबत बसेल.

सातबारा

ताई, अर्ज सुटला तरी रात्री दोन वाजता उठून बसणारं पोरगं तसंच उठून बसतं. सरसकट सगळं पैशावर टाकलं की खरा आजार सुटून जातो. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडणं, भूक बिघडणं आणि कशातही मन नसणं असं एकत्र चालू असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत पाठवायलाच हवं. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. पण ‘मेंटलला पाठवलं’ या शब्दाच्या भीतीनं घरचे तिथं नेत नाहीत, म्हणून आधी जिल्हा रुग्णालयच सांगा.

आणि चिठ्ठी देताना पुढचं नीट समजावा, कारण गाडी इथंच अडते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. घरचे पाचव्या दिवशी ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ म्हणून बंद करतात. जे टिकतात, ते दोन महिन्यांत बरं वाटलं की स्वतःच थांबवतात आणि त्रास उलटतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्याच सांगण्यावरून.

पोलीस केस होईल ही भीतीही काढा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्या प्रयत्नासाठी त्याला शिक्षा होत नाही.

कास्तकाराची लेक

आजार नाकारत नाही मी. आधी अर्ज, मग आजार असा क्रम नसतो, हेही मान्य. पण माणूस एकच नेमायचा असेल तर माझं मत एमएसडब्ल्यूलाच. आजार ओळखून चिठ्ठी देणं त्याला शिकवता येतं.

पऱ्हाटी

कोणीही नेमा, वेळ मात्र ११ ते ३ च ठेवा. साडेपाचची शेवटची एसटी सुटली तं पोरगी घरी काय सांगन? दुपारी चारची वेळ दिली म्हणजे नाहीच दिली. अन् सोयाबीन सोंगणी, कापूस वेचणीत पोरं दोन-तीन आठवडे येतच नाहीत. लगातार दोन भेटी चुकल्या म्हणून नाव कापू नका, दिवाळीनंतर तुम्हीच निरोप धाडा. निरोप मैत्रिणीच्या हातून नको. त्या पोरीलेच पहिल्या भेटीत विचारून ठेवा, कोणत्या नंबरवर अन् कोणत्या वेळी फोन केलेला चालन.