मेट म्युझियमला आईबाबांना न्यायचंय, पण नेहमीची गाइडेड टूर नको

एडिसनची_रेवा:
नमस्कार मंडळी. आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यातले दोन संपले. लिबर्टी, टाइम्स स्क्वेअर, नायगारा, देवळं सगळं करून झालं, आता माझ्या डोक्यात मेट आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला लागून असलेलं ते अवाढव्य आर्ट म्युझियम. आई एका पायावर तयार आहे. प्रश्न बाबांचा. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत आणि म्युझियम म्हटलं की त्यांना शाळेची सहल आठवते, हाताची घडी तोंडावर बोट, आणि गुरुजी मागून ढकलतायत पुढे चला पुढे चला. त्यात तिकीट ऐकलं, सिनियरला २२ डॉलर, लगेच रुपयांत हिशोब झाला आणि म्हणाले दगड बघायला एवढे पैसे, त्यापेक्षा आपलं वेरूळ काय वाईट होतं.

खरं सांगायचं तर मीही एकदा ऑफिसच्या लोकांबरोबर अशाच एका म्युझियमची टूर केली होती, दीड तास बाई सनावळ्या सांगत होत्या, आज त्यातलं एक अक्षर आठवत नाही, पाय दुखले तेवढे आठवतात. आता ऐकलंय की काही खाजगी लोक वेगळ्याच टूर देतात, भानगडी सांगतात, खेळ खेळायला लावतात वगैरे. कोणी केलीय का? सत्तरीच्या माणसाला आवडेल की नुसता पोरकटपणा असतो?

मिस्टर_इंडिया_७:
ऑडिओ गाइड फोनवर फुकट मिळतं की. हेडफोन लावून द्या, काम झालं.

एडिसनची_रेवा:
हेडफोन लावले की बाबा मराठी बातम्या ऐकतात हो.

भटकी_मांजर:
रेवा, आम्ही केलीय, सासूसासऱ्यांना घेऊन, आणि सासरे तुझ्या बाबांच्या वरताण आहेत, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आमची गाइड म्हणजे नाटकात काम करणारी एक मुलगी, पायात लालभडक स्नीकर्स. सुरुवातीलाच तिने प्रत्येकाला विचारलं, तुम्ही शेवटचं काय चोरलंत? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी सासऱ्यांना मराठीत सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, शेजाऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद, रोज, पूजेला. मी भाषांतर केलं आणि अख्खा ग्रुप टाळ्या वाजवतोय! तिथून पुढे तो माणूस खुललाच.

मग डेंडूरचं देऊळ. आस्वानच्या धरणात बुडणार होतं म्हणून इजिप्तने दगड न् दगड सुटा केला आणि मदतीची परतफेड म्हणून १९६५ साली अमेरिकेला देऊन टाकलं. ६६१ पेट्यांतून आलं, वजन ८०० टन, आणि १९७८ साली इथे उभं करून लोकांसाठी खुलं केलं. एवढं तर पाटीवरही असतं. पण ती मुलगी आम्हाला भिंतीच्या अगदी जवळ घेऊन गेली (हात लावायचा नाही, लगेच ओरडतात) आणि म्हणाली, यात तुमच्या गावचा माणूस शोधा. तिथे दगडात कोरलंय, एल. ब्रॅडिश, न्यूयॉर्क, १८२१. म्हणजे हा पठ्ठ्या त्या काळी न्यूयॉर्कहून नाईलपर्यंत गेला, दोन हजार वर्षं जुन्या देवळावर स्वतःचं नाव खरडून आला, पुढे न्यूयॉर्क राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला, आणि दीडशे वर्षांनी ते देऊळच त्याच्या मागोमाग त्याच्या गावात येऊन राहिलं! सासरे म्हणाले सिंहगडावर बदाम काढून नावं लिहिणारी पोरं उगाच बदनाम आहेत, त्यांचं मूळ घराणं हे. नंतर घरी फोन करून सगळ्यांना तेच सांगत होते.

ग्रीक-रोमन दालनात तिने आम्हाला कुठल्याच मूर्तीपुढे उभं केलं नाही, जे तिथे नाहीये त्याची गोष्ट सांगितली. १९१५ ते २१ च्या दरम्यान म्युझियमने एट्रुस्कन (म्हणजे रोमनांच्या आधीचे इटलीतले लोक) योद्ध्यांचे तीन भलेमोठे मातीचे पुतळे विकत घेतले, कित्येक वर्षं ऐटीत मांडून ठेवले, आणि ते निघाले बनावट. १९६१ साली रोममध्ये फिओरावांती नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने कबुली दिली, आणि पुरावा म्हणून काय काढलं तर एका पुतळ्याचा तुटलेला अंगठा! इतकी वर्षं जपून ठेवला होता, तो तिथे बरोब्बर बसला. मला वाटतं सबंध टूरमधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट हीच, आणि बघायला तिथे काहीच नव्हतं.

मादाम एक्स म्हणून एका बाईचं चित्र आहे, त्याच्यापुढे फॅशन शोची कॉमेंट्री करायला लावली. सार्जंट नावाच्या चित्रकाराने १८८४ ला पॅरिसमध्ये ते चित्र लावलं तेव्हा ड्रेसचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला होता, तेवढ्यावरून इतका गहजब झाला की त्या बाईची आई चित्र काढून घ्या म्हणून विनवायला गेली. नंतर त्याने पट्टा जागेवर रंगवला. सासूबाई म्हणाल्या, आधीच सेफ्टी पिन लावली असती तर.

आणि जॉर्ज वॉशिंग्टन होडीतून नदी ओलांडतोय ते भिंतभर चित्र आहे ना, २१ फूट रुंद, त्याच्यासमोर आम्ही सगळे जमिनीवर होडीत बसल्यासारखे बसलो आणि सासूबाई वॉशिंग्टन, पदर खोचून एक पाय पुढे. त्यातला घोटाळा नवऱ्याने पकडला, प्रसंग १७७६ चा आणि झेंडा जो दाखवलाय तो आला १७७७ ला. चित्र जर्मनीत बसून काढलंय, १८५१ साली.

शेवटी खेळ. एका खोलीत सोडतात आणि तीन गोष्टी ठरवायच्या, कुठलं विकत घेणार, कुठलं चोरणार, कुठलं जाळणार. आणि कारण सांगायचं. मला आयुष्यात कोणी चित्र आवडत नाही असं म्हणायची परवानगी दिली नव्हती गं! नेहमी मान डोलवायची. इथे सासरे एका सोनेरी फ्रेमपुढे उभं राहून म्हणाले, फ्रेम चोरणार, चित्र जाळणार.

तर पोरकट आहे का? थोडं आहे. पण सासरे दोन तास एकदाही खुर्ची शोधत नव्हते.

खडूस_चित्रकार:
मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे जरा कडू बोलतो, राग मानू नका. हे सगळं छान, पण यात चित्र कुठे आहे? पट्टा कळला, आई कळली, सेफ्टी पिन कळली. मादाम एक्सचा कान पाहिलात का? सगळं अंग पावडर लावून फिकट जांभळट पांढरं आणि कान तेवढा गुलाबी. तिथे समजतं की ही जिवंत बाई आहे आणि वरचा सगळा मेकअप आहे. किस्सा ऐकताना माणूस किस्सा सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, चित्राकडे पाठ असते. याच म्युझियममध्ये व्हर्मीर या डच चित्रकाराची पाच चित्रं आहेत. ती पाण्याचा जग घेतलेली मुलगी, खिडकीतून येणारा निळसर उजेड, अमेरिकेत आलेलं त्याचं पहिलं चित्र आहे ते. त्याच्यासमोर दहा मिनिटं गप्प उभं राहा. कोणी विनोद करायची गरज नाही.

भटकी_मांजर:
काका, कान नाही पाहिला. खरंच नाही. आता परत जावं लागणार. पण एक सांगते, त्या टूरशिवाय सासरे दारातूनच परतले असते, तुमच्या व्हर्मीरपर्यंत पोचलेच नसते. आणि दहा मिनिटं गप्प उभं राहणं ज्यांना जमतं त्यांना गाइड कशाला लागतो?

खडूस_चित्रकार:
हे मात्र बरोबर बोललात.

पेठेतली_मावशी:
मेट काही मी पाहिलेलं नाही, पण चोरायचा खेळ वाचून भाचरांना केळकर म्युझियमला नेलं होतं ते आठवलं. तिथल्या अडकित्त्यांपुढे मी नुसतं विचारलं, यातला एकच न्यायचा तर कुठला? अर्धा तास भांडत होती कार्टी. त्यातल्या धाकट्याला अडकित्ता म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं.

हडसनपलीकडचा:
प्रॅक्टिकल मुद्दे. बुधवारी बंद असतं, शुक्रवार शनिवार रात्री ९ पर्यंत उघडं, शुक्रवारी संध्याकाळी जा. न्यूयॉर्क राज्यातले लोक हवे तेवढे पैसे देऊन आत जातात, न्यू जर्सीतल्या फक्त विद्यार्थ्यांना ती सोय आहे, म्हणजे आपण हडसन नदीच्या चुकीच्या काठावर घर घेतलंय. समोरच्या भव्य पायऱ्या टाळायच्या असतील तर ८१व्या रस्त्याच्या बाजूने सपाट दार आहे. व्हीलचेअर फुकट मिळते, बाबांना सांगू नका, चिडतील, पण लक्षात ठेवा. वस्तू १५ लाखांच्या वर आहेत, त्यामुळे सगळं बघू हा हट्ट धरलात तर मेलात. आणि खाजगी टूर महाग पडते, तिकीट धरून चौघांचा आकडा बाबांच्या कानावर जाऊ देऊ नका. आम्ही तर स्वतःच आठ वस्तू निवडून, आधी घरी वाचून, आळीपाळीने गाइड झालो. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने इजिप्तच्या त्या छोट्या निळ्या पाणघोड्याच्या मूर्तीपुढे भाषण ठोकलं, की इजिप्तच्या लोकांनी मुद्दाम त्याचे पाय मोडून कबरीत ठेवला होता, मेलेल्या माणसाला पुढे त्रास देऊ नये म्हणून, आणि तीन पाय आत्ताचे बसवलेत. शेजारचे चार अनोळखी लोक पण ऐकत थांबले.

एडिसनची_रेवा:
मंडळी, शुक्रवारी जाऊन आलो! टूरचे पैसे ऐकून मीच गार पडले, म्हणून हडसनकरांची आयडिया वापरली, आठ वस्तू, आणि डेंडूर बाबांकडे सोपवलं. त्यांनी आधी दोन दिवस माझ्या लॅपटॉपवर बसून तयारी केली, ६६१ पेट्या म्हटल्यावर दगडांवर नंबर कसे टाकले असतील, उलटा दगड लागला तर काय, हे सगळं इंजिनच्या ओव्हरहॉलसारखं आईला समजावून झालं. तिथे ब्रॅडिश शोधायला वीस मिनिटं लागली, सापडल्यावर बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की गार्ड आला. त्यालाही बोलावून दाखवलं. त्याला अर्थातच माहीत होतं, पण बिचाऱ्याने नवल वाटल्यासारखं केलं.

चित्रकार काका, कान बघितला. आईने आधी बघितला आणि मग येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना स्वतःच्या कानाला हात लावून खुणेनेच दाखवत होती. व्हर्मीरपुढे दहा मिनिटं नाही जमलं, तीन जमली.

आता घरी चोरायचा-जाळायचा खेळ चालू आहे. मी मोठ्या हौसेने आणलेली सेकंडहँड आरामखुर्ची बाबांनी जाळायच्या यादीत टाकलीये, आणि बसतात तिच्यावरच.