रोजच्या साडीचा घरीच नीट फोटो कसा काढावा?

काठपदर:
आईने या दिवाळीत कपाट आवरलं आणि तिच्या सगळ्या हातमागाच्या साड्या मला दिल्या. रोज एक नेसून ऑफिसला जाते आणि निघण्याआधी तिला गावी फोटो पाठवते. फोटो मात्र धड येत नाही. फ्रिजवर फोन टेकवून सेल्फी कॅमेऱ्याला टायमर लावते, तर डोकं मोठं आणि पाय आखूड. काल डाळिंबी इरकल चक्क तपकिरी दिसली. आई म्हणाली, "ही माझी नव्हेच." घरी एकटीच असते, हातात जेमतेम पाच मिनिटं. रिंगलाइट घेऊ का?

निऱ्या:
मी कपाटाच्या आरशात काढते. सोपं पडतं.

उजेड:
काठपदरताई, रिंगलाइटवर पैसे घालू नका. आधी ट्यूब बंद करा. खिडकीतला उजेड एका छटेचा, ट्यूबचा दुसऱ्या. दोन्ही एकदम पडले की फोन गोंधळतो आणि रंग बिघडतो. खिडकी पाठीशी नको, बाजूला हवी. तिरक्या उजेडात सुताचा पोत उठून दिसतो. फ्लॅश तर नकोच, जरीचा धागा पांढराफटक पडतो.

फोन फ्रिजवरून उतरवा. तिथून डोकं कॅमेऱ्याच्या जवळ येतं आणि पाय लांब राहतात, म्हणून ते आखूड दिसतात. स्टूलवर डबे रचून कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणा, फोन अजिबात कलू देऊ नका. मागचा कॅमेरा वापरा, १० सेकंदांचा टायमर लावा आणि आठ-दहा फूट लांब उभ्या राहा. जागा असेल तर आणखी मागे सरकून २एक्स झूम लावा. कुठे उभं राहायचं तिथे फरशीवर चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे रोज शोधाशोध नाही. लेन्स पुसायला विसरू नका, सकाळी हाताला तेल-क्रीम असतंच.

निऱ्याताई, आरशात डावं-उजवं उलटतं. डाव्या खांद्यावरचा पदर फोटोत उजव्या खांद्यावर जातो. आईला ते लगेच खटकेल.

धूपछाव:
इरकल आहे म्हणून सांगते. तिचा जीव टोपपदरात, म्हणजे लाल-पांढऱ्या नक्षीच्या पदरात, आणि समोरून काढलेल्या फोटोत तोच दिसत नाही. दुसरा फोटो पाठमोरा काढा, पदर हातावर पसरून. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, अशी साडी असेल तर खिडकीकडे थोडं वळून आणखी एक काढा. कोनागणिक रंग पालटतो, दोन्ही रंग खरेच असतात. आणि मागची भिंत रंगीत असेल तर तिच्यापासून चार पावलं पुढे या, तिची झाक कापडावर येते.

काठपदर:
आज ट्यूब बंद, स्टूलवर पोह्यांचा आणि रव्याचा डबा, मी बाल्कनीच्या दाराशेजारी. पाठमोरा पदरही काढला. आईचा लगेच फोन आला, "काठाजवळचं माझं रफूसुद्धा दिसतंय गं!"