मदत हवी आहे: प्ली घेण्याआधी रजिस्ट्रेशनचं काय करायचं? (न्यू जर्सी)

मावसभाऊ न्यू जर्सीत आहे, एच-वन-बीवर. सेक्स ऑफेन्सचा चार्ज आहे, सरकारी वकिलाने प्ली ऑफर (गुन्हा कबूल करायचा, बदल्यात शिक्षा सौम्य) दिलीये आणि उत्तर द्यायला दोनच आठवडे उरलेत. वकील म्हणतात तुरुंग टळतोय, सही कर. पण जोडलेल्या फॉर्मवर मेगन्स लॉ रजिस्ट्रेशनच्या (लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांची पोलिसांकडे नोंद) ओळीपुढे टिक आहे आणि त्यावर ते फक्त "नंतर बघू" म्हणतात. नंतर काय बघणार? आम्ही वाचलं त्याप्रमाणे 15 वर्षं नवीन गुन्हा न होता गेली तरच नाव काढायला अर्ज करता येतो, काही कलमांत तोही रस्ता बंद, आणि घर बदलायचं तर 10 दिवस आधी पोलिसांना कळवायचं.

इमिग्रेशनच्या वेगळ्या वकिलाशी बोलून झालंय, त्यामुळे व्हिसाबद्दल नको. केसचे डिटेल्स देणार नाही, आणि तक्रार करणाऱ्या मुलीबद्दल कृपया कोणी काही लिहू नका. वकील बदलणं अगदी शेवटचा पर्याय.

रजिस्ट्रेशन लागत नाही अशा कलमावर प्ली मिळवायला कोणाच्या वकिलाने बोलणी केलीयेत का, आणि सायकॉलॉजिस्टचा रिस्क रिपोर्ट (पुन्हा गुन्हा होण्याचा धोका किती, याचा) त्याआधीच द्यायचा की बोलणी सुरू झाल्यावर?