विषाणू गेला, आता बसायला हरकत नाही?

'हिपॅटायटिस सीचा (लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूचा) रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता महिन्यातून एकदा दोन पेग घेतले तर काय बिघडतं?' या तुमच्या प्रश्नावर बरेच जण 'थोडी चालते' म्हणताहेत. मला ते अजिबात पटत नाही. आधी सांगा, निगेटिव्ह कधीचा? सोफोसबुविर-वेल्पाटासविर या गोळ्यांचा 12 आठवड्यांचा कोर्स संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी केलेली आरएनए टेस्ट (रक्तात विषाणू उरलाय का ते पाहणारी) निगेटिव्ह आली, तरच बरे झालात म्हणायचं. (अँटीबॉडी टेस्ट, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी, पुढेही पॉझिटिव्ह येत राहते, तिला घाबरू नका.)

गोळ्यांनी विषाणू जातो, पण लिव्हरवर आधी पडलेले व्रण लगेच जात नाहीत. माझ्या मोठ्या भावाचा विषाणू गेला, तरी फायब्रोस्कॅनच्या (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीच्या) कागदावर एफ4, म्हणजे सिरॉसिस, व्रणांची सगळ्यात पुढची पायरी. डॉक्टरांनी बजावलंय, एक घोटही नको, बिअरसुद्धा नाही. शिवाय दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी, कारण कॅन्सरचा धोका उरतोच. तुमचा स्कॅन झालाय का? नसेल तर करून घ्या आणि तो रिपोर्ट दाखवून लिव्हरच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि हो, सध्या रोज पीत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. हात थरथरतात, कधी फिटही येते. तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.