जहागीर मिळाली की खेळ संपतो का?

नववी-पातळी:
‘पात्राला गढी आणि मुलूख मिळाला की मोहीम संपली असे समजावे, जहागिरीचे नियम म्हणजे साहसवीरांना कारकून बनवण्याचा उद्योग आहे,’ हे फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळांबद्दल ‘गढी-नको’ यांनी इथे केलेले विधान वाचून दोन दिवस गप्प राहिलो, पण आता राहवत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीतच जहागीर आहे: गढीभोवतीचा २० मैलांपर्यंतचा मुलूख, त्यात दोन ते आठ गावे आणि दर रहिवाशामागे वर्षाला १० सुवर्णनाणी. आपण ज्याला मागाहून लावलेले ठिगळ समजता, ते मूळ वस्त्रातच विणलेले होते. ते नियम अपुरे होते, हे मला मान्य आहे, कारण त्यांत उत्पन्न मिळत असे, पण त्या बदल्यात काही नाकारावे लागत नसे. पूल बांधला तर तटबंदी अर्धवट राहते आणि तटबंदी पुरी केली तर पलीकडचे गाव शेजाऱ्याकडे वळते, अशी कोंडी जो नियम दर फेरीला उभी करतो, तोच कामाचा.

हिशेबनीस:
कोंडी हवी हे ठीक, पण ती आकड्यांतून यायला हवी. गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, लहरीतून नव्हे. आमच्या मोहिमेत जहागिरीला नियमच नव्हते, ‘सगळे कथेतून ठरेल’ असे सांगितले गेले होते. मी सलग तीन सत्रे कोठारे बांधण्यात आणि धान्य साठवण्यात घालवली. चौथ्या सत्रात दुष्काळ पडला आणि कोठारे जणू नव्हतीच, कारण पुढच्या कथानकाला उपाशी प्रजेचे बंड हवे होते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८४ च्या कंपॅनियन या नियमसंचात प्रजेच्या विश्वासाचा आकडा असे आणि तो कशाने चढतो, कशाने उतरतो, हे खेळाडूला आधी ठाऊक असे. वही ही कारकुनी नाही. ती खेळाडूच्या हातातली ढाल आहे.

तिरपा-फासा:
आपण दोघेही मूळ दुखण्याला बगल देत आहात. जहागीर एकाची असते आणि टेबलाभोवती पाच जण बसलेले असतात. माझा चोर मित्राच्या सरदारकीत पाच सत्रे होता. त्या काळात मी फासा एकदाच टाकला, आणि तोही दाराआड कान देण्यासाठी. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या नियमांनी अनुभवाच्या पाचव्या पातळीपासून प्रत्येक पात्राला स्वतःचे ठाणे आणि दर सात दिवसांनी एक फेरी देऊन हे दुखणे ओळखले खरे, पण त्या ठाण्यांना ना मुलूख, ना प्रजा. त्यांना जहागीर म्हणवत नाही. ती सजवलेली खोली आहे.

नववी-पातळी:
याचे उत्तर १९९५ मध्येच बर्थराइटने, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच राज्यकर्त्या पात्रांच्या जगाने, दिले आहे. तेथे एकाच प्रांतात कायदा, मंदिर, व्यापारी संघ आणि जादूचे उगम अशी निरनिराळी सत्ताकेंद्रे असतात. आपला चोर व्यापारी संघ चालवू शकला असता आणि मित्राला दर तीन महिन्यांच्या फेरीत त्याची मनधरणी करावी लागली असती.

तिरपा-फासा:
आणि त्या सत्तेचे पुरते बळ मिळावे म्हणून अंगात दैवी रक्त असावे लागते, हे सांगायचे आपण सोयीस्करपणे विसरलात. माझ्या चोराचा सगळा अभिमानच आपण कुणाच्या कुळातले नाही, हा होता.

नववी-पातळी:
ती अट त्या जगाची आहे, सत्तावाटपाच्या पद्धतीची नव्हे. हा फरकही समजावून सांगावा लागत असेल, तर चर्चा कठीण आहे.

तिरपा-फासा:
पाच सत्रे बाजूला बसून पाहा, मग फरक शिकवा. मला २००७ च्या रेन या भूमिका-खेळाची पद्धत पटते: गट हीच एक संस्था, तिचे बळ, खजिना, प्रभाव, मुलूख आणि सार्वभौमत्व हे पाच गुण सगळ्यांचे मिळून. तेथे कुणाला कुणाच्या दरबारात ताटकळावे लागत नाही.

हिशेबनीस:
पाच गुणांत माझे कोठार कुठे बसते, तेवढे सांगा.

गढी-नको:
माझ्या एका वाक्यावर एवढा दरबार भरला, याबद्दल आभार. आता माझा राग कुठून आला, तेही ऐका. पाथफाइंडर या भूमिका-खेळाच्या २०१० च्या किंगमेकर या छापील मोहिमेमध्ये राज्याचा प्रत्येक महिना देखभाल, बांधकाम, उत्पन्न आणि शेवटी घटना अशा टप्प्यांतून जातो. आम्ही एका संध्याकाळी बारा महिने ओळीने चालवले. घटनेचा टप्पा येईपर्यंत दर वेळी सगळे इतके थकलेले असत की राक्षसाने गावावर हल्ला केल्याचे वाचूनही ‘अशांतता एकने वाढवा आणि पुढे चला’ एवढेच कुणीतरी म्हणे. राक्षस होता! आम्ही तो वहीत लिहिला आणि पान उलटले.

हिशेबनीस:
मग दोष वहीचा नाही, क्रमाचा आहे. घटना आधी घ्या. राक्षस आला की त्याच्याकडे स्वतः जायचे, सैन्य पाठवायचे की ते गाव सोडून द्यायचे, हे पाचही जण ठरवतील. हिशेब त्यानंतर, आणि तोही त्या निर्णयाने बदललेल्या आकड्यांपुरताच.

गढी-नको:
हे तुम्ही म्हणालात म्हणून मान्य करायला जड जाते, पण घटना आधी असती तर त्या संध्याकाळी आम्ही बहुधा दुसऱ्या महिन्यापुढे गेलोच नसतो, आणि ते चालले असते. चोराच्या तक्रारीलाही यात थोडी जागा आहे, कारण राक्षसाची खबर आणायला कुणीतरी लागणारच.

तिरपा-फासा:
म्हणजे पुन्हा दाराआड कान.

गढी-नको:
निदान या वेळी दाराआड राक्षस असेल. वही मात्र हिशेबनीसांनीच सांभाळावी.