महापालिकेने कलेवर पैसा खर्च करावा की करू नये?

उत्तररंग (धागाकर्ता)

पाणीपट्टीच्या धाग्यावर ‘करदाता’ यांनी गेल्या आठवड्यात असे मत मांडले, की ज्या शहरात पाणी दिवसाआड येते, त्या शहराच्या महापालिकेने नाटक-गाण्यांवर एक रुपयाही खर्च करू नये; कलेला रसिकांनी पोसावे, आणि रसिक पोसत नसतील तर ती कला बंद पडलेली बरी. या विधानाने मी इतका अस्वस्थ झालो, की सविस्तर उत्तर देण्यासाठी हा स्वतंत्र धागा काढत आहे.

पाणी आणि नाटक यांतील एकच निवडा, ही मांडणीच मला मान्य नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवण्याच्या विषयांची जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात पाणीपुरवठा आहे, तशीच सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचीही नोंद आहे. हे काम महापालिकेच्या दारात कोणी आगंतुकपणे आणून टाकलेले नाही.

मी अनेक वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहतो. त्या शहराचा कला आयोग 1932 मध्ये शहराच्या सनदेनुसार स्थापन झाला. 1969 पासून तेथे असा नियम आहे, की शहराने सार्वजनिक इमारत बांधायला घेतली की बांधकाम खर्चाचे दोन टक्के कलाकृतींसाठी काढून ठेवायचे. विमानतळावर प्रवाशांना दिसणारी कितीतरी शिल्पे आणि चित्रे या तरतुदीतून आली. हॉटेलच्या खोलीभाड्यावर 14 टक्के कर आहे, आणि त्या 14 टक्क्यांपैकी दीड टक्का कला व संस्कृतीसाठी राखून ठेवावा, असा कौल मतदारांनी नोव्हेंबर 2018 मध्ये दिला. अशा ठरावाला दोन-तृतीयांश मते लागतात. 2016 मध्ये याच स्वरूपाचा ठराव तेवढ्या मतांअभावी पडला होता, म्हणून लोकांना पुन्हा विचारले गेले आणि त्यांनी होकार दिला. जेथे बेघरांचा प्रश्न इतका तीव्र आहे, त्या शहराच्या नागरिकांनी हा निर्णय घेतला, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

आमच्या हौशी नाट्यसंस्थेने तिकडच्या एका नगर प्रशासनाकडे अनुदानासाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. परंतु निवड समितीची बैठक खुली होती, आमच्या अर्जावरील चर्चा आम्ही तेथे बसून ऐकली आणि आमचे अंदाजपत्रक कोठे कच्चे आहे याची लेखी टिपणे आम्हाला मिळाली. पैसा कोठून येणार हे कायद्याने ठरलेले असावे आणि तो कोणाला मिळणार हे सर्वांसमक्ष ठरावे, एवढीच माझी आपल्या महापालिकांकडून अपेक्षा आहे.

करदाता

माझे विधान मी मागे घेत नाही.

पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव 1953 मध्ये सुरू झाला, तो आर्य संगीत प्रसारक मंडळाने केला, महापालिकेने नव्हे. 1963 पासूनचा पुरुषोत्तम करंडक महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेचा. मुंबईचा काळा घोडा महोत्सव तेथील नागरिकांच्या संघटनेने 1999 मध्ये उभा केला. जे टिकले आणि ज्याचा आपण अभिमान बाळगतो, ते बहुतांशी लोकांनी स्वतः उभे केलेले आहे, आणि एखाद्या आयोगाच्या मान्यतेची वाट पाहत ही माणसे बसली असती तर यातले काहीही घडले नसते.

दुसरे म्हणजे, हॉटेल कराचा दाखला येथे निरुपयोगी आहे. आपल्याकडे जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी केंद्राकडे आणि राज्याकडे जातो, आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर दिवस काढते. जो कर महापालिकेला लावताच येत नाही, त्याचा हिस्सा ती राखून कशी ठेवणार?

आणि आपल्या आदर्श आयोगाने अमेरिकन कवयित्री माया अँजेलो यांच्या स्मारकाचे काय केले, तेही वाचकांना सांगा. समितीने निवडलेल्या कलावतीची निवड एका लोकप्रतिनिधीच्या आक्षेपानंतर रद्द झाली, पुढे 2020 मध्ये आयोगाला जाहीर माफी मागावी लागली आणि ते स्मारक उभे राहायला 2024 उजाडले. राजकीय हस्तक्षेप तेथेही आहेच.

पडद्यामागचा

आपण दोघे आयोगाविषयी भांडत आहात. माझा प्रश्न तारखेचा आहे. मी प्रकाशयोजनेचे काम करतो. एका महापालिकेच्या नाट्यगृहात आमच्या प्रयोगाची तारीख रीतसर मिळालेली होती, भाडे भरलेले होते, जाहिरात गेली होती, तिकिटे विकली गेली होती. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला, की त्या दिवशी एका पक्षाचा सत्कार समारंभ असल्याने तारीख काढून घेण्यात आली आहे. भाडे परत मिळाले. जाहिरातीचा खर्च, नेपथ्याच्या टेम्पोचे पैसे आणि परगावच्या नटांचा प्रवास निर्मात्याच्या अंगावर पडला. त्या नाटकाचा पुढचा दौरा झालाच नाही.

रंगपटात पाणी नाही, विंगेत उघड्या वायरी आहेत, स्वच्छतागृहात पाऊल ठेववत नाही, आणि मध्यंतरात स्त्रियांची रांग तिसरी घंटा झाली तरी संपत नाही. आधी तारखांचे वाटप लेखी नियमांनी करा आणि दिलेली तारीख कोणालाही, अगदी महापौरांनाही, काढून घेता येणार नाही असे ठरवा. महोत्सव आणि पुरस्कार त्यानंतर पाहू.

रंकाळा

विंगेतल्या वायरींचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमचे कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे केले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते आमच्या डोळ्यांदेखत जळाले. त्या रात्री म्हातारी माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती. शंभर वर्षांहून जुनी ही वास्तू महापालिकेच्या ताब्यात होती. जे सांभाळता येत नाही ते स्वतःकडे ठेवू नये, आणि ठेवायचे असेल तर देखभालीचा पैसा दरवर्षी स्वतंत्र काढावा. पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर करणे सोपे असते. दरवर्षीच्या दुरुस्तीची बातमी होत नाही, म्हणून ती कोणी करत नाही.

करदाता

‘पडद्यामागचा’ यांना झालेला त्रास खरा असेल, परंतु त्यावरून माझेच म्हणणे सिद्ध होते. महापालिका नाट्यगृह चालवते, म्हणूनच राजकारण्याला तारीख हिसकावता येते. खाजगी मालकाने असे केले असते तर त्याच्यावर दावा लावता आला असता. शिवाय ही नाट्यगृहे तोट्यात चालतात. तो तोटा भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाने का भरावा, जेव्हा आतला प्रेक्षक चारशे-पाचशे रुपयांचे तिकीट सहज काढतो?

पडद्यामागचा

सहज? माझ्या नाटकाला येणारी माणसे महिनाभर आधी ठरवून येतात, करदाता. तोटा कोणामुळे आहे, हे आपण एकदा रंगपटात बसून पाहा आणि मग लिहा. खाजगी सभागृहाचे भाडे भरून आम्ही प्रयोग लावला, तर तेच तिकीट हजाराच्या पुढे जाईल आणि मग तुमच्या दोन खोल्यांतल्या माणसाला नाटक कायमचे बंद होईल. त्याच्या नावाने बोलण्याआधी त्याला विचारले आहे का?

डफतुणतुणे

नाट्यगृहांवर एवढे रण माजलेले पाहून मला राग येत आहे, आणि तो मी लपवत नाही. माझे वडील तमाशाच्या फडात ढोलकी वाजवत. महापालिकेच्या नाट्यगृहासाठी आम्ही वगनाट्याची तारीख मागितली, तेव्हा ‘तुमचा प्रेक्षक खुर्च्या मोडतो’ असे उत्तर मिळाले. मैदानावर कार्यक्रम करावा तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि वग रंगात येतो तो त्यानंतरच. ध्वनिप्रदूषण नियमांत वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देण्याची तरतूद राज्याकडे आहे, परंतु ते दिवस सणांच्या मिरवणुकांना जातात. बंद सभागृहाला ही अडचण नाही. म्हणजे छपराखालच्या कलेला भाड्यात सवलत आणि उघड्यावरच्या कलेला पोलिसांची नोटीस. उद्या आयोग झालाच, तर त्यावर कोण बसणार आहे, हे उत्तररंग यांनी सांगावे. तेच नेहमीचे सत्कारमूर्ती ना?

उत्तररंग

‘डफतुणतुणे’ यांचा आक्षेप या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर प्रथम देतो. सॅन फ्रान्सिस्कोतही सुरुवातीला पैसा सिंफनी आणि ऑपेराकडेच वळत असे. साठच्या दशकाच्या अखेरीस वस्त्यांतील कलावंतांनी दबाव आणला, आणि त्यातून मिशन, बेव्ह्यू यांसारख्या भागांत सांस्कृतिक केंद्रे उभी राहिली. इमारत शहराची, चालवणारी संस्था त्या वस्तीची. रस्त्यावर बसून स्वतःच्या हातच्या वस्तू विकणाऱ्या कारागिरांचे परवानेही सत्तरच्या दशकापासून कला आयोगाकडे आले, आणि वस्तू स्वतः घडवल्याचे दाखवल्याशिवाय तो परवाना मिळत नसे. कारागिराची परीक्षा कलेच्या जाणकारांनी घ्यावी, पोलिसांनी नव्हे, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. वगाला मैदान आणि मध्यरात्रीपर्यंतची वेळ मिळावी, यासाठी भांडणारी एक अधिकृत जागा शहरात हवी, आणि त्या जागेवर फडातला माणूस हवा.

माया अँजेलो स्मारकाची हकिकत ‘करदाता’ यांनी सांगितली, पण त्यातला अर्धाच निष्कर्ष काढला. निवड रद्द झाली तीही जाहीरपणे, म्हणून कलावंतांना त्याविरुद्ध उभे राहता आले, माफी मागून घेता आली आणि अखेर त्याच कलावतीचे काम उभे राहिले. ‘पडद्यामागचा’ यांची तारीख कोणाच्या सांगण्यावरून गेली, याचा कागद कोठे आहे? हॉटेल कराची अडचण मला मान्य आहे, परंतु दोन टक्क्यांच्या नियमाला कोणताही नवा कर लागत नाही. महापालिका स्वतःच्या इमारती बांधतेच. त्या खर्चातून कलेचा आणि जुन्या नाट्यगृहांच्या देखभालीचा वाटा काढायला फक्त ठराव हवा.

रंकाळा

देखभालीचा वाटा आधी काढा, शिल्पांचा नंतर. चौकाचौकांत बसवलेली आणि कोणी न धुणारी शिल्पे आमच्याकडे पुरेशी आहेत.

करदाता

दोन टक्क्यांविषयी मी विचार करीन. तो देखभालीला जाणार असेल तरच. आयोगाला माझा विरोध कायम आहे, कारण त्याचे अध्यक्षपद पराभूत नगरसेवकाच्या पुनर्वसनासाठी वापरले जाईल याची मला खात्री आहे. मात्र तारखांचे वाटप सर्वांना दिसेल असे असावे, या मुद्द्यावर ‘पडद्यामागचा’ यांच्याशी वाद घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नाट्यगृहाची तारीख कोणी, कधी आणि कोणत्या पत्रावरून काढून घेतली, हे करदात्याला कळलेच पाहिजे.

पडद्यामागचा

मग माहितीच्या अधिकारात अर्ज करू. आमच्या नाट्यगृहाच्या गेल्या तीन वर्षांच्या रद्द झालेल्या तारखा, रद्द करण्याची कारणे आणि संबंधित पत्रांच्या प्रती, एवढेच मागायचे. मसुदा मी उद्या येथे टाकतो.

डफतुणतुणे

त्या अर्जात आणखी एक ओळ घाला: तमाशा, वगनाट्य आणि शाहिरी यांसाठी आलेल्या अर्जांपैकी किती नाकारले आणि का.

करदाता

ती ओळ घाला. माझ्या भागातील नाट्यगृहासाठी मी स्वतंत्र अर्ज करीन.